पल्याडची सरलाबाई

माझी भावजय सरलाबाई शिव्या फार सुंदर देत असे. हे वाचून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. मी सुरतेतल्या डिंडोलीच्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून उभी हयात काढली, पोरांच्या तोंडून वावगा शब्द निघाला की पट्टी उगारली, आणि तरी सांगते, सरलाबाईच्या शिवीत जी गोडी होती ती पुष्कळांच्या आशीर्वादातही नसते.

पण ते कळायला आधी आमची आखाजी कळायला हवी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, रस-पोळीची जेवणं होतात, घरोघर गौराई बसते. एवढं सगळ्यांना पटतं. बार नावाच्या खेळाचं सांगितलं की मात्र बाहेरची माणसं आपल्याकडे वेड्यासारखी बघतात. गौराई बोळवायला बायाबापड्या नदीवर जात. आमच्या नदीच्या अल्याड माझं गाव, पल्याड सरलाचं. भर उन्हाळ्यात नदीला पाणी कसलं, मधे घोट्याएवढी धार आणि दोन्हीकडे वाळू. दोन गावच्या बाया दोन काठांवर उभ्या राहत आणि एकमेकींना शिव्या देत. यमक जुळवून, हात नाचवून, एकीचं संपायच्या आत दुसरीने उचलून. मधूनच एखादं ढेकूळ, एखादा खडाही जाई. याला म्हणायचं बार खेळणं. त्याचा नियम एकच होता. काठावर बोललेलं काठावर ठेवायचं, घरी आणायचं नाही.

सरला माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी पहिल्यांदा काठावर गेले तेव्हा ती पल्याडच्या बायांच्या पुढे उभी होती. उंच, सावळी, परकराचा काचा मारलेला, आणि आवाज असा की आमच्याकडच्या म्हशी मान वर करून बघत. तिने हात वर केला आणि म्हणाली,

'त्या गावना पाटील लंगडा,
कोंबडीमांगे पयस नागडा.'

पयस म्हणजे पळतो. आमचे पाटील खरोखरच एका पायाने अधू होते आणि कोंबडीचे शौकीन होते. ते स्वतः मागे झाडाखाली उभे राहून ऐकत होते आणि मिशीत हसत होते. आमच्या बायांनी त्याला उत्तर दिलं, पण त्यात जोर नव्हता. त्या दिवशी मी घरी येऊन आईला म्हटलं होतं, पल्याडच्या त्या काळीचं तोंड कुणीतरी बंद केलं पाहिजे. दोन वर्षांनी ती माझ्या थोरल्या भावाची, सुकलालची बायको होऊन आमच्याच घरात आली आणि तोंड बंद करायचं काम माझ्या आईने मनावर घेतलं.

माझी आई सासू म्हणून कडक होती, एवढंच म्हणते. आईविषयी याहून जास्त लिहवत नाही. सरला वर्षभर खाली मान घालून राबायची. पण आखाजी आली की ती नदी ओलांडून माहेरी जाई आणि दुसऱ्या दिवशी पल्याडच्या काठावर उभी राहून आमच्या घराची लक्तरं वेशीवर टांगी. 'मन्ही सासू भलती गुनी, तिले दूध नि माले पानी.' आई अल्याड उभी असे. अख्खं गाव आईकडे बघून हसे. आईच्या नाकपुड्या फुगत, पण नियम तिने कधी मोडला नाही. सरला परत आली की आई त्या शिव्यांबद्दल ब्र काढत नसे. तीनशे चौसष्ट दिवस गिळायचं आणि एक दिवस ओकायचं, अशी ती सोय होती. आता कुणी त्याला मागासलेपणा म्हणो. ज्या बाईला ती सोय मिळाली तिला विचारा.

मग सुकलाल सुरतेला आला. लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारागीर म्हणून लागला, खोली घेतली, सरलाला घेऊन आला. पुढे माझंही लग्न सुरतेतच झालं आणि मी तिच्या मागच्या गल्लीत राहायला आले. सरला घरी साड्या आणून त्यांच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापायची. दिवसभर मांडीवर साडी, हातात छोटी कात्री. सुरतेत तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. शेजारी ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, घरमालकीण सुरती. त्यांना शिवी म्हणजे शिवीच वाटणार. आखाजीला लूम बंद राहत नाहीत, त्यामुळे गावी जाणं सुटलं. इथे तो दिवस अखात्रीज म्हणून येतो आणि लोक सोनाराच्या दुकानासमोर रांगा लावतात. माझ्याशी मात्र ती कधीकधी भाकरी थापता थापता हळूच एखादी ओळ बोलायची, मी उत्तर द्यायची, आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसायचो. नणंद-भावजयीचं आमचं जे काही गूळपीठ होतं ते असं शिव्यांवर उभं होतं.

सुकलाल गेला. मुलगा गजेंद्र पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगमास्तर झाला. त्याची बायको जयश्री साड्यांच्या दुकानात कामाला जाते. डिंडोलीतच तिसऱ्या मजल्यावर त्यांनी घर घेतलं. आणि सरलाबाई विसरायला लागली.

आधी ती चहात मीठ घालायची. मग सुकलालचा डबा भरून दारात उभी राहायला लागली. मग जिना उतरून चालायला लागली, कुठे ते तिलाच ठाऊक. एकदा हमरस्त्याच्या कडेला नुसत्या परकरावर सापडली. त्यानंतर गजेंद्र आणि जयश्री कामावर जाताना बाहेरून कडीकुलूप घालायला लागले. मी माझ्या किल्लीने दुपारी जायची तेव्हा ती दाराच्या आतल्या बाजूला उंबऱ्यापाशी बसलेली असायची. माझे गुडघे असे की तीन मजले एकदा चढले की दोन दिवस काठी घेऊन चालावं लागतं, नाहीतर मी तिला माझ्याकडेच आणली असती. माझं घरही जावयाचं. मुलगी म्हणाली असती हो, जावई काही म्हणाला नसता आणि तेच जास्त टोचलं असतं.

गजेंद्र वाईट मुलगा नाही. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्याने चौकशा करून कतारगामचं एक केंद्र शोधून काढलं. एका ट्रस्टने अशा विसराळू म्हाताऱ्यांसाठी चालवलेलं. सकाळी व्हॅन येते, संध्याकाळी सोडते. दिवसभर तिथे म्हाताऱ्यांना खेळ खेळायला देतात. मेंदूला चालना मिळते, म्हणे. जागा मोजक्या, कितीतरी लोक वाट बघत असलेले. गजेंद्रने कुणाकुणाच्या पाया पडून आईला तिथे जागा मिळवली. ती व्हॅन आली त्या दिवशी जयश्री जिन्यात बसून रडली. दाराची कडी काढायला मिळाली म्हणून रडली ती.

मी पहिल्या आठवड्यात बघायला गेले. जागा स्वच्छ, उजेडाची. हेतलबेन नावाची एक तरुण मुलगी खेळ घ्यायची. मनाने चांगली होती, आवाज गोड. मऊ चेंडू एकमेकांना द्यायचे, लाकडी फळं त्यांच्या आकाराच्या खोबणीत बसवायची, रुमालांच्या घड्या घालायच्या, चित्रं ओळखायची. हेतलबेनने सरलाबाईला वांग्याचं चित्र दाखवलं. सरलाबाई म्हणाली, "वांगं." हेतलबेन म्हणाली, "ना बा, रींगण. बोलो, रींगण." रींगण म्हणजे गुजरातीत वांगंच. सरलाबाईने एकदा तिच्याकडे आणि एकदा चित्राकडे बघितलं आणि ती गप्प झाली. गिलकं दाखवलं, तिथेही तेच. जन्मभर जिने वांग्याचं भरीत केलं तिला वांगं ओळखता येत नाही, असं ठरलं. मी हेतलबेनला सांगितलं तेव्हा ती ओशाळून हसली आणि म्हणाली, सगळ्यांना एकाच भाषेत घ्यावं लागतं ना बेन. खरंच होतं तिचं. पण सरलाबाई त्यानंतर खेळायची थांबली. रुमाल मांडीवर घेऊन बसायची आणि कडेचे दोरे ओढत राहायची.

संध्याकाळी व्हॅनमधली बाई सांगायची, "बा रमे छे." गुजरातीत त्याचा अर्थ, बा खेळतात. जयश्रीला ते मराठीत ऐकू यायचं. फुई म्हणजे आत्या, घरात मला सगळे तेच म्हणतात. ती म्हणायची, "फुई, आई रमल्या तिथे." मी तिला अर्थ समजावून सांगितला नाही. तेवढं सुख असू दे म्हटलं.

असे काही महिने गेले. आणि यंदा आखाजीच्या तोंडावर केंद्रातून गजेंद्रला निरोप आला की तुमची आई हिंसक झाली आहे, उद्यापासून पाठवू नका. सोबत मोबाइलवर एक व्हिडिओ. गजेंद्र तो घेऊन माझ्याकडे आला. चेहरा पांढरा पडलेला.

"फुई, तू दख," म्हणाला. "माले तं बोलतासुद्धा येत नही, अशा शिव्या देस ती."

मी बघितलं. हेतलबेनने नवा खेळ काढला होता. कुठल्याशा मिलने दिलेली एक निळी साडी जमिनीवर लांबलचक अंथरली होती. साडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खुर्च्यांच्या रांगा आणि त्यात म्हाताऱ्या बायका. हेतलबेन म्हणत होती, "आ आपणी तापी नदी. बॉल सामे कांठे नाखवानो." म्हणजे चेंडू समोरच्या काठावर टाकायचा. दोनतीन चेंडू इकडून तिकडे गेले. सरलाबाई खाली निळ्या साडीकडे बघत होती. मग तिने समोरच्या बायकांकडे बघितलं. मग ती उभी राहिली. पदर कमरेला खोचला, एक हात वर केला आणि तिचा तो आवाज निघाला.

'नाकमा नथ, कानमा बाली,
घरमा दखो तं कोठी खाली.'

समोर कोकिलाबेन नावाच्या बाई होत्या, मोठ्या घरच्या, हिऱ्याच्या धंद्यातल्या. त्यांना शब्द कळले नसावेत. पण त्या टाळ्या वाजवायला लागल्या. सरलाबाईने लंगड्या पाटलाची ओळ म्हटली, सासूची म्हटली, मग अशा काही म्हटल्या की ज्या मी इथे लिहिणार नाही, कारण त्या नुसत्या कागदावर घाण दिसतात आणि नदीवर दिसत नसत. तिची मान डुलत होती, डोळे चमकत होते. एकही शब्द अडत नव्हता. स्वतःच्या मुलाचं नाव न आठवणारी बाई यमकं जुळवत होती. आजूबाजूच्या बायका हसत होत्या. आणि मग तिने हाताशी असलेला लाकडी आंबा उचलला आणि पल्याड फेकला. तो कोकिलाबेनच्या डोक्यावरून गेला आणि भिंतीवर ट्रस्टच्या शेठच्या आईचा फोटो होता त्याची काच फुटली. तिथे व्हिडिओ संपला.

मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गजेंद्र माझ्याकडे बघत राहिला.

"आरे बाबा, बार खेळी राहिनी ती," मी म्हटलं. "आखाजीना बार. नदी दखी तिन्ही, नि समोर बाया. आखो काय पाहिजे?"

त्याला बार ऐकून माहीत होता, पाहिलेला नव्हता. तो सुरतेत वाढला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "ते लोकले कोन समजाडी?"

"मी समजाडसू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. केंद्राचे व्यवस्थापक भाईदासभाई. पांढरे कपडे, बोलणं नम्र, टेबलावर फुटलेल्या काचेचा फोटो ठेवलेला, आम्हाला दिसेल असा. कळलं की कोकिलाबेन स्वतः काहीच म्हणाल्या नव्हत्या. तक्रार त्यांच्या मुलाने केली होती. त्याने व्हिडिओ बघितला आणि आपल्या नोकरांपैकी खानदेशी माणसाकडून अर्थ विचारून घेतला. माझ्या आईला कुणी असं बोलावं म्हणून मी तिला इथे पाठवत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याची आई टाळ्या वाजवत होती हे त्याला दिसलं नव्हतं की काय, देव जाणे.

मी भाईदासभाईंना सगळं सांगितलं. आखाजी, नदी, दोन काठ, नियम. मला गुजराती बरं येतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाळो बोलवानी ते कांई रमत होय, बेन?"

शिव्या देणं हा काय खेळ झाला, असा तो प्रश्न. मी म्हटलं, तुमच्याकडे लग्नात वरपक्षाला फटाणं गाऊन बायका शिव्या देतात ते काय असतं? हे ऐकून हेतलबेन खुदकन हसली आणि लगेच गंभीर झाली. भाईदासभाई म्हणाले, ते गाणं झालं, बेन. त्यात कुणी आंबा फेकत नाही.

मला राग आला होता, पण राग गिळला. मी म्हटलं, त्या दिवशी तिच्या समोर कुणीच खेळणारं नव्हतं. एकटीने किती वेळ खेळायचं? समोरून उत्तर आलं नाही की खडा फेकतात. मला बसवा समोर. मी अल्याडची आहे. मी उत्तर देते. ती जागेवरून हलणार नाही, काही फेकणार नाही. तुम्ही डोळ्यांनी बघा, आणि मग ठरवा.

हेतलबेन मधे पडली. ती म्हणाली, सर, इतके महिने बा काहीच बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. एकदा बघू या. भाईदासभाईंनी विचार केला आणि सोमवारी या म्हणाले. आपले एक ट्रस्टीही येतील, कोकिलाबेनचे चिरंजीवही येतील. बा शांत राहिल्या तर जागा ठेवू. नाही राहिल्या तर माझा इलाज नाही.

परत येताना गजेंद्रने सोमवारची सुट्टी मागायला मिलमध्ये फोन केला. मला वाटलं, त्याला पटलंय. मी मनातल्या मनात ओळी जुळवत होते. कितीतरी विसरले होते मीसुद्धा. घरी येऊन भाजी निवडता निवडता आठवत बसले. 'तुमना गावनी भाकर जाड, दात पडना, मोडनं हाड.' ही माझ्या मावशीची. एकेक आठवत गेली तशी मला सोमवारची घाई झाली. या वयात असं काही वाटण्यासारखं पुष्कळ दिवसांत आलं नव्हतं. मी पेटीतली हिरवी साडी काढून ठेवली.

सोमवारी रिक्षात सरलाबाई माझ्या शेजारी बसली होती. डोकं सारखं माझ्या खांद्यावर येत होतं. मी गजेंद्रला विचारलं तर म्हणाला, लवकर उठवलं ना आज, म्हणून झोप येतेय. जयश्री पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसली होती. तिने दुकानातून सुट्टी घेतली होती. ती मागे वळून बघत नव्हती.

निळी साडी अंथरलेली होती. कोपऱ्यात भाईदासभाई, ट्रस्टी, कोकिलाबेनचा मुलगा असे खुर्च्या टाकून बसले होते. सरलाबाईला हाताला धरून गजेंद्र-जयश्रीने समोरच्या रांगेत बसवलं. मी इकडच्या काठावर बसले, कोकिलाबेनच्या शेजारी. हेतलबेनने मला मान हलवून खूण केली.

मी उभी राहिले. पदर खोचला. आवाज निघाला.

'पल्याड गावना एकच वाडा,
त्यामा बांधेल म्हातारा पाडा.'

सरलाबाईने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी थांबले. हिचं उत्तर मला पाठ होतं, चाळीस वर्षांपूर्वी तिने मला चुलीपाशी दिलेलं. तिचे ओठ किंचित हलले आणि परत मिटले. पापण्या खाली आल्या.

मी दुसरी म्हटली. भाकरीची म्हटली. तिच्या माहेरच्या विहिरीची म्हटली, जिच्यावर ती हमखास भडकायची. मग तिच्या बापाला एक अशी घातली की नदीवर असती तर दगडांचा पाऊस पडला असता. "ये व पल्याडनी," मी ओरडले, "जीभ गाडी उनी का?" जीभ पुरून आलीस का, असा माझा आवाज त्या फरशीच्या खोलीत घुमला आणि माझा मलाच नको झाला. कोकिलाबेन टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांच्या मुलाने उठून त्यांचे हात धरले.

सरलाबाईच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. हात मांडीवर उताणे पडलेले, जसे कुणी तिथे आणून ठेवले असावेत. हेतलबेनने तिच्या हातात चेंडू दिला. तो तिथेच राहिला. मग हेतलबेनने तिचा हात स्वतःच्या हातात धरला आणि चेंडू ढकलला. तो निळ्या साडीवर अर्ध्यापर्यंत येऊन थांबला.

जयश्री माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "फुई, बसा आता," ती हळूच म्हणाली. "यांनी सकाळी गोळी दिली आईला. डॉक्टरांनी रात्री झोप नसेल तर अर्धी द्यायला सांगितलेली. यांनी अख्खी दिली. मी नको म्हणत होते." आणि मग आणखी हळू, "पण फुई, जागा गेली असती तर मी काय केलं असतं? परत कडी घातली असती."

मी बसले.

कोपऱ्यातली माणसं उठली. भाईदासभाई हसत होते, आणि ते हसू लबाड नव्हतं, त्या माणसाला खरंच बरं वाटलं होतं. ट्रस्टी म्हणाले, "बा तो एकदम शांत छे." कोकिलाबेनचा मुलगा सरलाबाईजवळ गेला, वाकून तिच्या पाया पडला, आणि गजेंद्रला म्हणाला की माझी काही तक्रार नाही, तुमच्या आईसारखीच माझी आई. गजेंद्रने त्याचे दोन्ही हात धरले. भाईदासभाई त्याला बाजूला घेऊन म्हणाले, हेच औषध चालू ठेवा, सकाळी देऊनच पाठवत जा. जागा पक्की. आणि माझ्याकडे वळून ते अत्यंत आदराने म्हणाले, तुम्ही एवढ्या मोठ्याने बोललात बेन, तरी बा जराही चिडल्या नाहीत. तुमचा प्रयोग यशस्वी झाला.

एकटी हेतलबेन त्यांच्यात आली नाही. ती गुडघ्यावर बसून साडी गुंडाळत होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिने मान खाली घातली. तिलाही नोकरी होती.

परतीच्या रिक्षात सरलाबाई आमच्या दोघांच्या मधे होती. गजेंद्र खुशीत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. त्याने आईच्या तोंडाची लाळ स्वतःच्या रुमालाने पुसली, तिचा पदर नीट केला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दखं ना फुई, कशी शानी बठनी व्हती आई."

मी त्याला शिवी दिली. जन्मात पहिल्यांदा, आणि खेळात नव्हे, मनापासून. आमच्या नदीवरची जुनी शिवी, आईच्या जिवावर उठलेल्या पोरासाठी असलेली. तो दचकला नाही, रागावला नाही. त्याला ती कळलीच नाही.

"म्हंजे काय व, फुई?" त्याने विचारलं.

"तुन्ही मायले इचार," मी म्हटलं.

त्याने खरंच तिच्याकडे मान वळवली. ती तोंड उघडं टाकून झोपली होती.